हृदयासाठी आयुर्वेदिक औषध: मात्रा ठरवायची कशी, मोजायची कशी, थांबायचं कधी

ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या घरात पन्नाशी ओलांडलेलं कुणी आहे, तिथे अर्जुनाची साल, लसणाच्या कॅप्सूल, गुग्गुळाच्या गोळ्या किंवा 'हार्ट केअर' छापाची एखादी बाटली यातलं काहीतरी सापडतंच. बाटली हातात घेऊन माणूस विचारतो, "किती घ्यायचं?" प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा. मात्रा म्हणजे बाटलीवरचा आकडा नव्हे. दिवसभरात सगळ्या वाटांनी मिळून एकच वनस्पती पोटात किती जाते, आणि ती डॉक्टरांच्या कोणत्या गोळ्यांसोबत जाते, हा हिशेब म्हणजे मात्रा. तो कसा करायचा ते पायरीपायरीने पाहू.

एक गोष्ट आधी. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, दम लागणं असं काही आत्ता होत असेल तर पुढे वाचू नका. १०८ ला फोन करा. अशा वेळी अर्जुनाचा काढा उकळत बसण्यात गेलेली वीस मिनिटं परत मिळत नाहीत.

पायरी १: सगळं टेबलावर मांडा

घरातलं प्रत्येक औषध, चूर्ण, चाटण, काढ्याचं पाकीट आणि रस एकत्र आणा. डॉक्टरांच्या गोळ्याही तिथेच ठेवा. एका कागदावर चार रकाने पाडा: नाव, कशासाठी, एका वेळी किती, दिवसातून किती वेळा. 'हे काय औषध थोडंच आहे' म्हणून लोक जे लिहीत नाहीत, तेच आधी लिहा. घोळ बहुतेक तिथेच असतो.

पोट साफ व्हावं म्हणून घेतलं जाणारं लवणभास्कर चूर्ण घ्या. नावातच लवण आहे. सैंधव, समुद्रमीठ, पादेलोण असे मिठाचे प्रकार त्यात असतात. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, भाजीत मीठ नाही, लोणचं बंद, आणि जेवणानंतर रोज चमचाभर लवणभास्कर! रक्तदाब का उतरत नाही याचा शोध मग महिनोन् महिने चालतो. हिंग्वाष्टक चूर्णातही सैंधव असतं, त्यामानाने कमी.

दुसरं ज्येष्ठमध. घशासाठी काडी चघळणं, खोकल्याचं चाटण, आम्लपित्ताचं चूर्ण, सगळीकडे हे असतं. यातलं ग्लायसिऱ्हायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते. लघवीची गोळी किंवा डायजॉक्सिन (हृदयाची एक गोळी) चालू असेल तर पोटॅशियम घसरून ठोक्यांची लय बिघडू शकते. चार दिवस खोकल्यापुरतं घेणं वेगळं आणि महिनाभर रोज घेणं वेगळं. हृदयरोग्याने ते रोज घेऊच नये.

तिसरं, सर्दीतापासाठी सर्रास दिली जाणारी त्रिभुवनकीर्ती. तिच्यात शुद्ध केलेला बचनाग असतो. बचनागातलं ॲकोनिटिन थेट हृदयाच्या विद्युत यंत्रणेवर काम करतं. लय आधीच बिघडलेल्या माणसाने शेजाऱ्यांनी दिली म्हणून ही गोळी घ्यायची नाही.

पायरी २: कोणकोणी स्वतःहून सुरूच करायचं नाही

ॲन्जिओप्लास्टी किंवा बायपास होऊन वर्ष झालेलं नाही, हृदयाचं पम्पिंग कमी आहे, झडप बदलली आहे, पेसमेकर आहे, ठोके अनियमित आहेत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं आहे, यकृताचा त्रास आहे, गर्भारपण आहे किंवा बाळ अंगावर पितंय. यातलं एकही लागू असेल तर कार्डिओलॉजिस्ट आणि वैद्य या दोघांनाही विचारल्याशिवाय काही सुरू करू नका. दोघांनाही म्हणजे दोघांनाही. एकाला कळवायचं आणि दुसऱ्यापासून लपवायचं, ही पद्धत घराघरांत आहे आणि ती धोक्याची आहे.

डॉक्टरांची गोळी बंद करून तिच्या जागी आयुर्वेदिक औषध घ्यायचं हा विचार तर नकोच. स्टेंट टाकल्यावर क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी मध्येच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. मेटोप्रोलोल ही ठोके आणि रक्तदाब उतरवणारी गोळी एकदम थांबवली तर ठोके आणि रक्तदाब उसळून वर येतात. गोळ्या कमी करायच्याच असतील तर ज्यांनी लिहून दिल्या त्यांनीच त्या कमी कराव्यात.

वैद्य निवडताना त्यांचा महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक विचारा. तो पावतीवर किंवा चिठ्ठीवर असायला हवा, त्यात कुणी रागावण्यासारखं काही नाही. नवी मुंबईकरांना नेरुळला आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ आहे. तिथल्या ओपीडीत सगळी फाइल घेऊन गेलात तर एका बैठकीत पुष्कळ शंका मिटतात.

पायरी ३: लेबल वाचा, मागची बाजू आधी

पुढच्या बाजूला हृदयाचं चित्र आणि हिरवं पान असतं. कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरात.

आधी पाहा, हातातली वस्तू औषध आहे की खाद्यपूरक. 'आयुर्वेदिक औषध' असं लिहिलेलं असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, मुदत आणि प्रत्येक घटकाचं प्रमाण असायला हवं. एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक असेल तर ते खाद्यपूरक आहे, आणि त्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. दुकानदार मात्र दोन्ही एकाच फळीवर ठेवतो आणि एकाच सुरात विकतो.

मग प्रमाण. 'प्रत्येक कॅप्सूलमध्ये ५०० मि.ग्रॅ.' आणि 'प्रत्येक मात्रेत (२ कॅप्सूल) ५०० मि.ग्रॅ.' यांत दुपटीचा फरक आहे. 'मालकीचं मिश्रण (प्रोप्रायटरी ब्लेंड) ८०० मि.ग्रॅ.' एवढंच लिहून खाली दहा वनस्पतींची नुसती नावं असतील, तर कुठली किती ते कळायला मार्ग नाही. ती बाटली परत ठेवा.

चूर्ण आहे की अर्क, हे त्याहून महत्त्वाचं. अर्क १०:१ असेल तर साधारण १० ग्रॅम सालीपासून १ ग्रॅम अर्क काढलेला असतो. म्हणजे ५०० मि.ग्रॅ.च्या एका कॅप्सूलमागे ५ ग्रॅम साल आली. आता बघा: सकाळी ५ ग्रॅम सालीचा क्षीरपाक (दूध-पाण्यात आटवलेला काढा), दुपारी एक कॅप्सूल, रात्री एक कॅप्सूल, झाली १५ ग्रॅम. औषधकोशात, म्हणजे आयुर्वेदिक औषधांच्या अधिकृत ग्रंथात, क्षीरपाकासाठी ३ ते ६ ग्रॅम साल सांगितलेली आहे. तिन्ही 'थोडं थोडं'च घेतलेलं असतं, आणि बेरीज अडीचपट होते. (अर्क पाण्यात काढलाय की मद्यार्कात, यावर त्यातली द्रव्यं बदलतात, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही. पण अंदाज घ्यायला पुरतो.)

'सावधान: वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी इंग्रजी-हिंदीत सूचना दिसली तर त्यात कायद्याच्या विषारी यादीतलं काहीतरी आहे असं समजा: बचनाग, कुचला, धोतरा, पारा, हिंगूळ असं. ही सूचना असलेली वस्तू ऑनलाइन मागवून स्वतःच्या मनाने घ्यायची नसते.

मुदतही बघाच. चूर्णाला कायद्याने कमाल दोन वर्षं, आसव-अरिष्टांना (आंबवून केलेल्या पातळ औषधांना) दहा. पण ही बंद पाकिटाची मुदत झाली. उघडलेलं चूर्ण आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत इतकं टिकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये डब्यात गुठळ्या झाल्या, वास कुबट आला, की फेकायचं. उन्हात वाळवून, चाळून परत वापरायचं नाही. बुरशीने सोडलेलं विष वाळवल्याने जात नाही.

आणि 'ब्लॉकेज विरघळवते', 'बायपास टाळा' असं लिहिलेल्या जाहिराती? हृदयरोग आणि रक्तदाब बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. असा दावा जिथे दिसेल तिथे बाकीच्या लेबलवरही विश्वास ठेवू नका.

पायरी ४: चमचा बाजूला ठेवा, काटा घ्या

'एक चमचा' हे माप नाही. चहाचा चमचा ५ मि.ली.चा. त्यात सालीचं बारीक चूर्ण सपाट भरलं तर दोन-अडीच ग्रॅम बसतं, शिगोशीग भरलं तर चार-पाच. भरड असेल तर आणखी वेगळं. घरातले चमचेही एका मापाचे नसतात. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा, ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. एकदा आपला चमचा आपल्या चूर्णाने भरून मोजा आणि तो आकडा डब्यावर चिकटवा. चूर्णाचं पाकीट बदललं की पुन्हा मोजा.

जुन्या वैद्यांच्या चिठ्ठीत रत्ती, मासा, तोळा आले तर: रत्ती १२५ मि.ग्रॅ., मासा १ ग्रॅम, तोळा १२ ग्रॅम. सराफाचा तोळा १० ग्रॅमचा, तो इथे लावू नका.

अरिष्ट मोजायला बाटलीचं झाकण वापरू नका. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारा खुणांचा प्लास्टिकचा पेला वापरा.

पायरी ५: अर्जुन, नीट

हृदयासाठी सर्वाधिक वापर अर्जुनाच्या सालीचाच, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

आधी साल ओळखा. जांभळी नाक्याच्या किंवा वाशीच्या बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून सुटी साल घेत असाल तर चूर्ण घेऊ नका, तुकडे घ्या. चूर्णात काय दळलंय ते कुणालाच सांगता येत नाही. अर्जुनाची साल बाहेरून बऱ्यापैकी गुळगुळीत, करडी-पांढरट असते, आतून तांबूस. चव तुरट. ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. ऐन अर्जुनाचाच भाऊबंद, येऊरच्या जंगलात भरपूर, त्यामुळे भेसळ होते. रस्त्याकडेच्या अर्जुनाची साल स्वतः सोलायची तर कल्पनाही करू नका. एक तर झाड मरतं, दुसरं म्हणजे घोडबंदर रोडवरच्या झाडाच्या सालीवर कसली धूळ बसलेली असते ते सांगायला नको.

क्षीरपाकाचं शास्त्रीय प्रमाण आहे १ भाग साल, ८ भाग दूध, ३२ भाग पाणी. म्हणजे ५ ग्रॅम भरड, ४० मि.ली. दूध, १६० मि.ली. पाणी. नवख्याने ३ ग्रॅमनेच सुरुवात करावी: ३ ग्रॅम, २४ मि.ली. दूध, जवळपास १०० मि.ली. पाणी.

स्टीलचं जाड बुडाचं भांडं घ्या. लोखंडी कढई नको, सालीतलं टॅनिन लोहाशी मिळून सगळं काळंनिळं होतं. पाणी, दूध आणि भरड एकत्रच घाला आणि मंद आचेवर ठेवा. उकळायला लागलं की वर साय आणि तांबूस फेस जमतो, तो काढून टाकायचा नाही, ढवळून आत घ्यायचा. पाणी आटून मूळ दुधाएवढं उरलं की गॅस बंद. अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. आच मोठी केली तर दूध करपतं आणि सालीतलं पुरेसं उतरत नाही. रंग फिकट बदामी-गुलाबी यायला हवा. कपड्याने गाळा. बारीक चूर्ण वापरलं असेल तर गाळणीतून गाळ खाली येतो, घशाला लागतो आणि बद्धकोष्ठ करतो. म्हणून भरडच हवी. साखर-गूळ घालायचा नाही. रोज ताजं करायचं, फ्रिजमधलं दुसऱ्या दिवशी तापवून नाही.

वेळ सकाळची बरी. पण रक्तदाबाच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि थायरॉइडची गोळी यांच्यापासून दोन तासांचं अंतर ठेवा. टॅनिन औषधांना धरून बसतं आणि ती कमी शोषली जातात.

काम किती करतं? अपेक्षा माफक ठेवा. १९९५ मध्ये भारतात हृदय निकामी झालेल्या मोजक्या रुग्णांवर, नेहमीच्या औषधांच्या जोडीला, दर आठ तासांनी ५०० मि.ग्रॅ. अर्क देऊन झालेल्या अभ्यासात लक्षणं सुधारली होती. पुढे दिवसातून दोनदा ७५० मि.ग्रॅ. अर्क १२ आठवडे देऊन झालेल्या मोठ्या चाचणीत हृदयाचं पम्पिंग मात्र वाढलं नाही. दोन्हींत तो जोडीला दिला होता, ऐवजी नाही.

अर्जुनारिष्ट, म्हणजेच पार्थाद्यरिष्ट, हा सोपा पर्याय वाटतो: १२ ते २४ मि.ली., तितक्याच पाण्यातून, जेवणानंतर. पण यात गूळ आणि मनुका आंबवून आपोआप तयार झालेलं ५ ते १० टक्के मद्य असतं. मधुमेही, यकृताचा त्रास असलेले, दारू सोडलेले आणि मेट्रोनिडाझोलसारखं प्रतिजैविक चालू असलेले यांच्यासाठी ते नाही.

पायरी ६: बाकीच्यांचं थोडक्यात

गुग्गुळ शुद्ध केलेलाच घ्यायचा. औषधकोशातली मात्रा २ ते ४ ग्रॅम आहे, पण ती वैद्याच्या देखरेखीखालची. बाजारातल्या गोळ्या २५० ते ५०० मि.ग्रॅ.च्या असतात. कोलेस्टेरॉल उतरवतो अशी त्याची ख्याती. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र आठ आठवड्यांनी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उलट थोडं वाढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ आलं. शिवाय गुग्गुळ यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जागी करतो. प्रोप्रॅनोलोल आणि डिल्टियाझेम या हृदयाच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्यामुळे घटल्याचं नोंदलेलं आहे. गोळी चालू आहे, पण रक्तात कमी पोहोचते, अशी ही गत. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी आणि पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्यांनी लांबच राहावं.

लसूण भाजीत, चटणीत जेवढा पडतो तेवढा कुणालाही चालतो. लसणाच्या कॅप्सूल वेगळ्या. त्या रक्त पातळ करतात. इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेलच्या जोडीला तिसरं रक्त पातळ करणारं काही नको.

सर्पगंधा रक्तदाब खरोखरच उतरवते, आणि म्हणूनच ती हाताळायला अवघड. तिच्यातलं रेसर्पिन एके काळी ॲलोपॅथीतही वापरात होतं. नाक चोंदतं, नाडी मंदावते, मन उदास होतं, आणि गोळी बंद केली तरी परिणाम काही दिवस रेंगाळतो. तिच्या काही घनवट्यांत (सुक्या अर्काच्या गोळ्यांत) खुरासानी ओवा आणि भांगही असते. रक्तदाबाची दुसरी गोळी चालू असताना ही स्वतःहून घेणं म्हणजे उठताना भोवळ येऊन बाथरूममध्ये पडण्याची तयारी.

प्रभाकर वटी, हृदयार्णव रस वगैरे रसौषधींत धातूंची भस्मं असतात, हृदयार्णवात तर पारा आणि ताम्रभस्म. मात्रा रत्तीत, मुदत ठरलेली, मूत्रपिंडाच्या तपासण्या सोबत. यांच्याबद्दल कुठल्याही लेखावरून, या लेखावरूनही, मात्रा ठरवू नये.

सोसायटीतल्या झाडांबद्दलही बोलायला हवं. कण्हेर आणि पिवळी बिट्टी हृदयावर काम करतात हे खरं. पण मात्रा आणि विषबाधा यांच्यामध्ये जागाच नाही. पान, बी, काढा, काहीच नाही.

आणि दुधीचा रस. तलावपाळीला, नेरुळ-सीवूड्सच्या बागांबाहेर सकाळी फिरून आलेल्यांच्या हातात तो दिसतो. रस प्यायचाच असेल तर घरी काढा, आणि चिरल्याबरोबर दुधीचा एक तुकडा कच्चा चाखा. जरासा कडू लागला तरी थुंका, चूळ भरा, अख्खा दुधी कचऱ्यात टाका. कडवटपणा क्युकरबिटासिनमुळे येतो. त्याने रक्ताच्या उलट्या होतात आणि रक्तदाब कोसळतो, त्यावर उतारा नाही, माणसं दगावलेली आहेत. आलं-लिंबू-मीठ घालून कडवटपणा लपवणं हा सगळ्यात वाईट उपाय. बाहेरच्या रसात नेमकं तेच घडू शकतं. कारल्याचा रस मिसळलेला असेल तर कडू काय आहे हे कळायचं कसं?

पायरी ७: गोळ्यांशी जुळतं का ते पाहा

आता टेबलावरचा कागद पुन्हा घ्या.

ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लसूण कॅप्सूल, गुग्गुळ, हळदीचा अर्क, आल्याचा अर्क यांपैकी काहीही डॉक्टरांना न सांगता नको. सांगून सुरू केलं तरी आठवड्याभरात आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं ती तपासणी) करून घ्या. बंद केलं तरी पुन्हा करा, कारण बंद केल्यानेही आकडा हलतो. हे लोक हमखास विसरतात.

लघवीची गोळी चालू असेल तर पुनर्नवा आणि गोखरू त्याच दिशेने काम करतात. पाणी आणि क्षार जास्त जाऊन पायात गोळे येतात, तोल जातो. मधुमेहाच्या गोळ्यांवर मेथी आणि दालचिनीचे अर्क चढवले की साखर उतरू शकते. मिरी-पिंपळी असलेली चूर्णं, म्हणजे त्रिकटू आणि मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल, कित्येक औषधांचं शोषण वाढवतात. इसबगोल उलट करतं, औषध धरून ठेवतं. त्यालाही दोन तासांचं अंतर.

पायरी ८: एक औषध, अर्धी मात्रा, एक वही

सुरू करण्याआधी आठ दिवस रक्तदाब लिहा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी. पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. नाडी आणि सकाळचं वजनही लिहा. लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि साखर एकदा करून ठेवा. हे नसेल तर पुढे फायदा झाला की तोटा, दोन्ही अंदाजपंचे.

मग एकच नवं औषध सुरू करा. वैद्यांनी ३ ग्रॅम सांगितलं असेल तर पहिले सात दिवस दीड ग्रॅम. त्रास नाही, तर पूर्ण मात्रा. दोन नवी औषधं एकाच आठवड्यात घेतली आणि पुरळ उठलं, तर दोष कुणाला द्यायचा? पहिल्याने काही फरक दिसत नाही म्हणून मात्रा वाढवायची नाही. सहा ते आठ आठवड्यांनी त्याच तपासण्या त्याच लॅबमध्ये करा. आकड्यांत काहीच हललं नसेल तर वैद्यांशी बोलून बंद करा. न लागू पडलेलं औषध वर्षानुवर्षं चालू ठेवण्यात अर्थ नाही, ते कितीही 'नैसर्गिक' असो.

लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवायची वेळ कोणती? वरचा रक्तदाब १०० च्या खाली आणि उठताना अंधारी. विश्रांतीत नाडी ५० च्या खाली किंवा अडखळत. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, पाय सुजले. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शौच. डोळे पिवळे, लघवी गडद. ओठ किंवा पापण्या सुजल्या तर थेट इस्पितळ.

शस्त्रक्रिया, ॲन्जिओग्राफी किंवा दात काढणं ठरलं असेल तर तारीख मिळताच सगळी यादी डॉक्टरांना द्या. वनस्पतीजन्य औषधं साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. डॉक्टरांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय थांबवू नका.

नाव नसलेल्या पुड्या

कागदात बांधलेल्या, नाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. वैद्य स्वतः बांधून देत असतील तर वर घटक लिहून मागा. 'आमचं गुपित आहे' हे उत्तर हृदयरोग्याला चालण्यासारखं नाही. सांधेदुखी आणि दम्याच्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. स्टेरॉइडने दोन दिवसांत बरं वाटतं, आणि साखर, रक्तदाब, सूज तिन्ही चढतात.

काही त्रास झालाच तर उरलेलं औषध फेकू नका. बाटली, बॅच क्रमांक आणि पावती जपून ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या देशपातळीवरच्या मोफत क्रमांकावर रुग्णालाही करता येते. भेसळ किंवा खोट्या दाव्यांची लेखी तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करायची, ठाणे जिल्ह्यासाठी त्यांचं कार्यालय वागळे इस्टेटला आहे. तक्रारीत औषधाचं पूर्ण नाव, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच, खरेदीचं ठिकाण आणि तारीख, रोज किती घेत होता आणि सोबत कोणत्या गोळ्या चालू होत्या एवढं लिहा. टेबलावरच्या कागदाची झेरॉक्स जोडली तरी चालते.